फाटकासमोरची बेकरी

परदेशातून कोणी कारखाना काढायला आला की त्याला आधी खुर्ची द्यायची की आधी नावगाव विचारायचं, यावर सरकारात दोन मतं होती. खुर्ची देणारे वरच्या मजल्यावर बसायचे. नावगाव विचारणारी एकटी आत्या, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत.

दारावर पाटी होती, ‘परदेशी गुंतवणूकदार विश्वासार्हता पडताळणी कक्ष’. पाटी दारापेक्षा रुंद निघाल्यामुळे ‘क्ष’ भिंतीवर गेला होता. आत एक टेबल, एक स्पीकरचा फोन आणि दोन कपाटं. त्यातलं एक लाथ बसल्याशिवाय उघडत नसे. परक्या देशातली कंपनी खरी आहे का आणि सांगते तेवढी मोठी आहे का, हे तपासून आत्या एका पानाचा अहवाल लिहायची. ते पान वर गेल्याशिवाय करारावर सही होत नसे.

खरं तर ती एकाच मुलीची आत्या, दादाच्या. दादा, वहिनी, ती पोर आणि आत्या असे चौघं एकाच घरात राहायचे. पण पोरीची हाक एवढी खणखणीत की गल्लीतले आजोबासुद्धा तिला आत्याच म्हणायला लागले. ऑफिसात मात्र ती पावबाई.

त्याला कारण तिची पद्धत. कंपनीच्या लेटरहेडवरचा नंबर ती कधीच फिरवत नसे. “तिथे फोन उचलणाऱ्याला गोड बोलायचाच पगार मिळतो,” ती म्हणायची. ती नकाशा उघडायची, कारखान्याच्या फाटकासमोर काय आहे ते शोधायची, खानावळ, बेकरी, काय असेल ते, आणि तिथे फोन लावायची. प्रश्न ठरलेला: दुपारच्या सुट्टीत तुमच्याकडे किती गर्दी होते? कागदावर हजार कामगार बसवायला वेळ लागत नाही. पण खऱ्या हजारांना दुपारी भूक लागते, आणि ती फाटकाबाहेर येतेच.

बोलणं व्हायचं दुभाष्यामार्फत. हे एक निवृत्त गृहस्थ, नेहमी कोटाची वरची गुंडी लावून बसणारे, आणि त्यांना सगळे सारांश म्हणत. पलीकडचा दुकानदार पाच मिनिटं तावातावाने बोलला, मध्येच हसला, बायकोवर ओरडला, तरी हे गुंडीला हात लावून सांगायचे, “ते होय म्हणतात.”

“बायकोवर का ओरडले?”

“ते विषयाला धरून नव्हतं.”

रात्री जेवताना आत्या हे सगळं करून दाखवायची. कंपनीचं नाव नाही, देशाचं नाव नाही. नुसता आवाज. खानावळवाली कशी नाकातून बोलते, मागे तिचा नवरा कसा भांडी आपटतो, आणि मग हनुवटी आत घेऊन सारांश: “त्या होय म्हणतात.” दादाची पोर हसून लोळायची. वहिनी म्हणायची, “अहो वन्सं, आधी गिळा तरी तो घास!” दादा हसायचा नाही, पण त्याचा हात ताटात थांबायचा.

दादा पंपांच्या कारखान्यात फिटर होता. गावाच्या कडेचा तो कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून दादा कोणाची मोटार, कोणाचा नळ असं करत होता. आणि या वर्षी बातमी आली की एक परदेशी कंपनी तोच कारखाना विकत घेऊन पुन्हा सुरू करणार. पंपच. जुन्या लोकांना आधी घेणार. दादाने त्या दिवशी हत्यारांच्या पेटीतले पाने आणि चिमटे बाहेर काढले, एकेकाला तेल लावलं आणि जुना निळा डगला स्वतः धुतला. वहिनीला हातसुद्धा लावू दिला नाही.

त्याच सुमारास त्याला दुसरी एक नोकरी चालून आली होती, धान्याच्या गोदामात रखवालदाराची. शनिवारपर्यंत होय-नाही सांगायचं होतं.

“पंप उघडून बसवणारा माणूस मी,” दादा म्हणाला, “आता काय फाटक उघडून बसू? शनिवारी जाऊन नाही सांगून येतो.”

मंगळवारी त्याच कंपनीची फाइल आत्याच्या टेबलावर आली. ती लगेच जिना चढून साहेबांकडे गेली.

“साहेब, ही दुसऱ्या कोणाकडे द्या. माझा भाऊ त्या कारखान्यात होता.”

साहेबांना प्रत्येक वाक्याला शेपूट लावायची सवय. “अहो बाई, गावातल्या अर्ध्या घरांतलं कोणी ना कोणी तिथे होतं, काय? दुसरं आहे कोण तुमच्या कक्षात, काय? सोमवारी मंत्री येतायत सहीला. कागद तर सगळे चोख आहेत, काय?”

कागद चोख होते. इतके, की आत्याला ते वाचायला मजाच येईना. पंप बनवणारी कंपनी, तीन पाळ्या, चौदाशे कामगार. अर्थखात्याचं पत्र होतं: कंपनी विश्वासार्ह आहे, कारण उद्योगखात्याने तसं कळवलं आहे. उद्योगखात्याचं होतं: त्या देशातल्या आपल्या वकिलातीने तसं कळवलं आहे. वकिलातीचं होतं: तिथल्या व्यापारी मंडळाने तसं कळवलं आहे. व्यापारी मंडळाचं पत्र परक्या भाषेत, म्हणून तिने सारांशना बोलावलं.

त्यांनी चष्मा चढवला, दोन पानं वाचली आणि म्हणाले, “ते विश्वासार्ह म्हणतात.”

“ते कळलं. का म्हणतात?”

“कारण... एका सरकारी कार्यालयाने कंपनीला सन्मानाने बोलावलं आहे म्हणून.”

“कोणत्या?”

सारांशनी पान उलटलं. त्यांची गुंडी पहिल्यांदाच सुटलेली दिसली. “बाई, हे आपलंच आहे.”

वर्षभरापूर्वी साहेबांनी त्या कंपनीला दोन ओळींचं पत्र धाडलं होतं: आपलं स्वागत आहे, जरूर यावं. अशी पत्रं ते आठवड्याला दहा धाडायचे. त्या दोन ओळी समुद्र ओलांडून गेल्या, मंडळाला वाटलं सरकार ओळखतं म्हणजे माणूस बरा, आणि मग चार दारांतून शिक्के खात त्या परत इथेच आल्या. कोणीही खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या खांद्यावर मान ठेवली होती, आणि शेवटचा खांदा आपलाच होता.

बुधवारी सकाळी तिने नकाशा उघडला. फाटकासमोर बेकरी होती.

पलीकडून एका म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला, मागे घंटी लावलेलं दार. सारांशनी ठरलेला प्रश्न विचारला. म्हाताऱ्याने तो ऐकून घेतला. मग हसला. ते हसू आत्याला आवडलं नाही. ते विनोदाचं नव्हतं. मग तो बोलत राहिला, सावकाश, मध्ये थांबत. एकदा घंटी वाजली, तेव्हा त्याने कोणाला तरी हळू आवाजात काही विचारलं.

“काय म्हणतात?”

“एक,” सारांश म्हणाले.

“एक काय?”

“दुपारचा एक पाव. फाटकाचा रखवालदार नेतो.” ते थांबले. आत्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि काय झालं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा ते विषय सोडून बोलले. “तीन वर्षं आत कोणी नाही. आधी भट्टीवर चौघं होते, आता हे एकटे. रखवालदार पावाचा अर्धा तुकडा कुत्र्याला घालतो. आत्ताच आला होता तो. त्याला विचारलं, कारखाना सुरू होणार का रे? तर तो म्हणाला, मालक सांगतात, दुसऱ्या देशातलं सरकार मदत करणार आहे.”

आत्याने फोन ठेवला. उठून तिने चेपलेलं कपाट लाथेने उघडलं आणि अहवालाचा कोरा कागद काढला. म्हणजे तिथेही एक जण सरकारी पत्राच्या भरवशावर फाटकाशी बसला होता. आणि ते सरकार म्हणजे ही खोली.

दुपारी ती एका पानाचा अहवाल घेऊन वर गेली.

साहेबांनी वाचला. “एका बेकरीवाल्याच्या शब्दावर मी मंत्र्यांचा कार्यक्रम थांबवू, काय?”

“बेकरीवाल्याचं मी लिहिलेलंच नाही, साहेब. पत्रं कशी फिरली तेवढं लिहिलंय. वकिलातीने एक माणूस पाठवून फाटक उघडून बघावं, तोवर सही नको, एवढंच म्हटलंय.”

“आणि नाही सापडलं काही वावगं, तर? गावाच्या तोंडचा घास काढला म्हणतील, काय?”

“तर मी चुकले, असं त्याच पानाखाली लिहून सही करते.”

साहेब पुन्हा वाचायला लागले. स्वतःच्या पत्राची तारीख आली तिथे त्यांचं बोट अडलं. या वेळी त्यांनी शेपूट लावलं नाही. “ठेवा,” म्हणाले. “आणि बाई, हे बाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही.”

“बावीस वर्षांत गेलं नाही,” आत्या म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

गुरुवारी रात्री सगळे जेवायला बसले. निळा डगला इस्त्री होऊन दाराच्या खुंटीवर लटकत होता. दादा रंगात होता. सोमवारी मंत्री आले की जुने कामगार फाटकाशी उभे राहणार, कोण कुठे उभा राहणार, हे तो वहिनीला सांगत होता. आत्या खाली मान घालून जेवत होती. सांगावं तर बावीस वर्षं पाण्यात. न सांगावं तर परवा हा जाऊन गोदामाला नाही म्हणून येईल, आणि महिन्याभराने दोन्ही हात रिकामे.

“आत्या,” पोर म्हणाली, “आज कोण? आवाज काढ ना.”

“आज काही नाही गं.”

“काल पण नाही! काल फोन नव्हता?”

“होता. घसा बसलाय.”

“बसलाय काय! सकाळी तर दूधवाल्यावर ओरडत होतीस.”

वहिनी हसली. दादा हसला नाही. त्याचा हात ताटात थांबला. तो आत्याकडे बघत राहिला, आणि आत्याला त्याच क्षणी उमगलं. ज्या कंपनीचं सगळं ठीक निघालं, तिच्याच दारासमोरचा आवाज ती घरी आणायची. जी पोकळ निघाली, तिचा कधीच नाही. असं काही तिने ठरवलं नव्हतं. त्या आवाजांची नक्कल करायला जीभच वळत नसे, एवढंच. पण फिटर माणूस. यंत्र कधी वाजतं यापेक्षा कधी वाजत नाही ते त्याला आधी ऐकू येतं. इतकी वर्षं तो तिचे अहवाल ताटावर बसून ऐकत आला होता.

“घसा बसलाय,” दादा हळूच म्हणाला.

आत्याने मान वर केली नाही. “वाढू का थोडं?”

“नको.” मग ताट बाजूला सारून, “ते गोदाम उत्तरेच्या रस्त्यावर ना गं?”

“हो.”

“सायकलने अर्धा तास.” त्याने हात धुतले, खुंटीवरचा डगला काढला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. वहिनी विचारत राहिली, “अहो, झालं काय? सोमवारी घालणार होतात ना?” दादा म्हणाला, “सोमवारी मला ड्यूटी असेल.”

आत्याला त्या रात्री धड सुटल्यासारखं वाटलं नाही, धड चुकल्यासारखंही नाही. तोंडातून एक शब्द गेला नव्हता. तरी गेलं होतं.

सोमवारची सही पुढे ढकलली गेली. महिन्याने वकिलातीचा माणूस फाटक बघून आला. त्याने फोटो पाठवले: गंजलेली शेड, छपरातून उगवलेलं झाड, आणि फाटकाशी एक म्हातारा, शेजारी कुत्रा. फाइल बंद झाली, पेपरात चार ओळी आल्या. गावात बरेच दिवस आत्याला टोमणे ऐकावे लागले. “पावबाईंनी पंप खाल्ला,” कोणीतरी भाजीच्या दुकानात म्हणालं, तिला ऐकू जाईल असं. साहेबांनी स्वागताची पत्रं धाडायचं बंद केलं नाही. फक्त आता पत्राच्या तळाला एक ओळ असते, की हे पत्र कशाचाही पुरावा नाही. ती ओळ आत्याची.

पेपरात त्या चार ओळी आल्या त्या रात्री तिने बेकरीवाला करून दाखवला. घोगरा आवाज, घंटी, ते हसू. मग गुंडी लावलेले सारांश: “एक.” पोर हसली, आणि मध्येच थांबली.

दादा गोदामाचा खाकी शर्ट चढवत होता, रात्रपाळीला निघायचं होतं. “रखवालदाराचा काढ ना आवाज,” तो म्हणाला.

“त्याचा ऐकलाच नाही मी. तो फोनवर नव्हता.”

दादाने बटणं लावली. “आमच्या फाटकासमोर चहावाला आहे,” तो म्हणाला. “उद्या कुठल्या तरी देशातली तुझ्यासारखी एखादी त्याला फोन करायची. मी त्याला सांगून ठेवलंय, विचारलंच कोणी तर सांग, इथे माणूस आहे, दोन कप पितो.” तो सायकल काढायला बाहेर गेला.

आत्याने पोरीच्या ताटात वाढलं. बाहेर सायकलची घंटी दोनदा वाजली.