सिमेंटात गेलेले पाय

स्मारक समितीच्या अध्यक्षांनी माझ्या मामीला फसवलं. तिला फसवता यावं म्हणून त्यांनी आधी गावच्या देवाला फसवलं. आणि या दोन्ही कामांत माझी पिकअप, माझी दगड उचलायची चेन आणि माझी चार माणसं वापरली गेली, हे तिसरं. पहिली दोन पापं त्यांची. तिसऱ्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

माझा मालवणात जांभ्या चिऱ्याचा धंदा आहे. एका फुटक्या ट्रकावर सुरू केला आणि कुणाच्या ओळखीवर वाढवला नाही. दगडाच्या व्यवहारात मला सहसा कोणी फसवत नाही. रचलेला ट्रक लांबून बघून मी सांगतो की मधल्या थरात तुकडे भरलेत. माणसांचंही तसंच बघायची सवय आहे. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या तीर्थाचासुद्धा आधी वास घेता. घेतो. त्या एका दिवशी घेतला नाही, म्हणून हे लिहायची वेळ आली.

मामाचं गाव फोंडाघाटाच्या बाजारापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. वडील गेल्यावर आई मला घेऊन तिथे आली आणि मामीनं मला वाढवलं. तिला स्वतःचं मूल नाही. मामा आणि आई जाऊन बरीच वर्षं झाली, आता त्या घरात ती एकटी असते. घराच्या मागून जुनी घाटवाट वर जाते. डांबरी रस्ता व्हायच्या आधी बैल त्याच वाटेनं चढायचे. त्या वाटेवर, घरापासून हाकेच्या अंतरावर, किंजळीच्या झाडाखाली एक वीरगळ उभा होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. अगदी वर चंद्रसूर्य, त्याखाली पिंडीसमोर हात जोडून बसलेला तो, मधे त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात खाली लढाई. ढाल-तलवार घेतलेला एकटा तो, समोर दोघे भालेवाले, आणि त्याचे पाय असे रोवलेले की दगड फुटेल पण माणूस हलणार नाही.

लढाई कोणाची, कोणाविरुद्ध, हे गावात कोणाला सांगता येत नाही. खिंडीत झाली, एवढंच सगळे सांगतात. दगडाची राखण मामाच्या घराकडे. देवदिवाळीला मूळपुरुषाला जेवणाचं पान दाखवायच्या आधी मामी या दगडाकडे जायची. कढत पाण्याचा तांब्या घेऊन जायची आणि पहिल्यांदा त्याचे पाय धुवायची. मग पायांना खोबरेल, मग नारळ, मग पान. लांबून चालत आलेल्या माणसाला आधी पाय धुवायला पाणी देतात, तसं. सासूनं तिला हे शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. पाय धुतल्याशिवाय पान ठेवायचं नाही, एवढा एकच नियम.

दोन वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर स्मारक करायचं ठरलं. समिती झाली, अध्यक्ष झाले आमचे मास्तर. निवृत्त हेडमास्तर, मृदू बोलणारे, शुद्ध बोलणारे. मृदू बोलणाऱ्या माणसाशी सौदा करताना मी खिशावर हात ठेवतो, पण हे शाळेतले गुरुजी. जोत्याचा चिरा मी पडत्या भावात दिला. मला कोणी फसवलं नाही तिथे, मीच दिला. आपल्या मामाकडच्या डोंगरावर काही उभं राहतंय याचा अभिमान होता.

मग दगडाचा विषय निघाला. वीरगळावर शेवाळ चढलं आहे, तज्ज्ञ येणार आहेत, तो स्वच्छ करून घ्यायचा आहे, असं मास्तर मामीला आणि मला म्हणाले. आमच्याकडे असला दगड हलवायचा तर देवाला विचारावं लागतं. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गावचा मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हाच कौल. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या माणसांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं, म्हणजे मागणं एकट्याचं राहत नाही, गावाचं होतं.

त्या दिवशी मामी घरीच होती, मी देवळात होतो. होतो म्हणजे बाहेर होतो, फोनवर. कुडाळजवळ माझा ट्रक कलंडला होता आणि मी ड्रायव्हरला शिव्या घालत होतो. फोन ठेवून आत आलो तेव्हा गाऱ्हाणं शेवटाला आलं होतं. बाकीच्यांबरोबर मीही ‘होय महाराजा’ म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं, उशीर झाला होता म्हणून. कशाला होय म्हणतोय ते मी ऐकलेलं नव्हतं. चिऱ्याचा साधा करार मी दोनदा वाचतो.

पाकळी उजवी पडली. आठवड्यानं माझी माणसं चेन घेऊन गेली आणि दगड माझ्या पिकअपमधून वर गेला. मामीनं त्याच्यावर आपलं जुनं लुगडं पांघरलं आणि पिकअप वळेपर्यंत उभी राहिली.

उद्घाटनाला मी गोव्यात होतो. मामीला समितीच्या जीपनं नेलं, शाल दिली, मांडवात मागच्या खुर्चीवर बसवलं. दगड फुलांच्या हारांनी वरपासून खालपर्यंत झाकलेला होता, असं तिनं सांगितलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं. कार्यक्रम झाल्यावर दगड खाली येईल असं ती धरून चालली होती. देवदिवाळी आली. किंजळीखाली खड्डा होता, त्यात पानं कुजलेली. तिनं तांब्या नेला होता तो तसाच परत आणला. पान ठेवलं नाही. पाय नाहीत तर पान कसं ठेवणार?

महिनाभरानं तिनं मला निरोप धाडला, माका वर घेऊन चल. मी गाडी घेऊन गेलो तर ही दारात उभी, हातात थर्मास. म्हटलं वाटेत चहा मिळतो. ती थर्मास मांडीवर घेऊन गाडीत बसली.

घाट चढून वर आलो. स्मारकाला आता सगळे पॉइंट म्हणतात. गाड्या लावायला मोठी जागा, रेलिंग, दुर्बीण, भेळवाला, आणि एक लांबरुंद फलक: समोर दिसते ती रणभूमी. मी फलक वाचला आणि समोर बघितलं. समोर पश्चिमेची दरी होती. खाली रान, पुढे गावं, धुकं नसेल तर अगदी शेवटी समुद्राची रेघ दिसते म्हणतात. खिंड मात्र आमच्या पाठीमागे होती, डोंगराच्या उजव्या सोंडेच्या आड. जिथे माणसं मेली ती जागा या रेलिंगवरून दिसतच नाही. मग हा पॉइंट इथे का? माझ्या डोक्यात लगेच आलं की जमीन मास्तरांच्या कुठल्यातरी नातेवाइकाची असणार. दुसऱ्या दिवशी जाऊन सातबारा काढला. जमीन सरकारी निघाली. तिथे मी चुकलो. गाड्या वळवायला दुसरीकडे जागा नाही, एवढंच खरं कारण होतं. लढाई गाड्यांच्या सोयीनं सरकली.

मामी दुर्बिणीकडे गेली. मी नको म्हणत होतो, पण तिनं डोळा लावला आणि बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, “ह्यातून माजा घर दिसता. तो पडलो ती जागा तेवढी दिसना नाय.”

मग ती दगडाकडे वळली. हार नव्हते. धुतलेला दगड काळाभोर दिसत होता, खरोखर स्वच्छ केला होता, ते नाकारत नाही. चौथरा माझ्याच चिऱ्याचा, वर सिमेंटचा गिलावा. चार पोरी दगडाला टेकून फोटो काढत होत्या. त्या बाजूला झाल्यावर मामी पुढे गेली, वाकली, आणि हातानं चाचपू लागली.

“तेचे पाय खंय गेले रे?”

मी बघितलं. वीरगळाला खाली हातभर न कोरलेला भाग असतो, जमिनीत पुरायचा. तेवढ्यावर दगड तोलेना म्हणून गवंड्यानं तो आणखी खाली घेतला होता आणि सिमेंट ओतलं होतं. सिमेंट मांड्यांपर्यंत आलं होतं. लढाईच्या स्मारकात लढाईच अर्धी गाडली गेली होती. भाले दिसत होते, तलवार दिसत होती, पाय नव्हते.

मामीनं थर्मास उघडला. आत चहा नव्हता, कढत पाणी होतं. “ह्यां पाणी खंय ओतू?” असं तिनं मला विचारलं, रागानं नाही, वाट विचारावी तसं. तिनं झाकण परत लावलं आणि गाडीत जाऊन बसली.

मी तिला घरी सोडून सरळ मास्तरांकडे गेलो. तिथे मी आवाज चढवला, हे ते सगळ्यांना सांगतात आणि ते खरं आहे. त्यांनी मला पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं. रानात दगड चोरीला गेला असता. इथे रोज शंभर माणसं हात जोडतात, तिथे एकटी म्हातारी. आणि शेवटी म्हणाले, “अहो, देवाचा कौल आहे. तुम्ही स्वतः होय म्हणालात.”

मी सौदा टाकला. दगड खाली द्या, माझ्या खर्चानं हुबेहूब दुसरा कोरून वर उभा करतो, फोटो काढणाऱ्यांना फरक कळणार नाही. ते म्हणाले, नकलेपुढे कोण हात जोडेल? हवं तर नक्कल खाली ठेवा. मामींचा दरवर्षी सत्कार करू. मी म्हटलं, तिला शाल नको, पाय पाहिजेत. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

मामीची गोष्ट वेगळी. तिला मी सांगितलं की माझी माणसं घेऊन जातो आणि सिमेंट फोडून दगड आणतो. तिनं नकारार्थी मान हलवली.

“देवान कौल दिल्यान. तो मी मोडूचंय नाय. तुया मोडू नको.”

म्हणजे कौल उभा आहे तोवर दगड तिच्यासाठी वरच राहणार, आणि पाय धुतल्याशिवाय पान नाही. या देवदिवाळीला ती पंच्याऐंशीच्या घरात असेल. पुढच्या देवदिवाळीचा मी काय भरवसा द्यावा?

तेव्हा मी प्रश्नाचा माग काढायला लागलो. देवाला नेमकं विचारलं काय होतं? पाच जणांना विचारलं, पाचही जण म्हणाले, आम्ही होय महाराजा म्हटलं. प्रश्न एकालाही धड आठवेना. शेवटी गुरवाला गाठला. तो देवळामागे केरसुणीसाठी झावळ्या सोलत होता. आधी टाळाटाळ, मग हळूच बोलला. प्रश्न दोन होते. पहिला: दगड उचलून घाटावर कायमचा बसवायचा आहे, रजा दे. पाकळी डावी पडली. मग मास्तरांनी मानकऱ्याच्या कानाला लागून गाऱ्हाणं बदललं: दगड नेऊन धुऊन पुन्हा जागेवर ठेवायचा आहे, रजा दे. उजवी पडली. दुसऱ्या प्रश्नाची परवानगी घेऊन पहिलं काम झालं.

मला ऐकताक्षणी कळलं, कारण हा डाव माझ्या धंद्यातला आहे. गिऱ्हाईक मोठ्या सौद्याला नाही म्हणालं की लहान सौद्याला हो म्हणवून घ्यायचं, आणि गाडीत मोठ्याचा माल भरायचा. मी हा डाव माणसांशी खेळलेलो आहे, नाही म्हणत नाही. देवाशी खेळायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

गुरवाला म्हटलं, हे चारचौघांत सांग. तो सोलता सोलता थांबला.

“मी कित्याक सांगू? सगळ्यांत मोठ्यान होय महाराजा तुमीच म्हटलास.”

हे मी मामीला सांगितलं. पहिला कौल, दुसरा कौल, सगळं. माझं होयसुद्धा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठून चुलीवर पाणी ठेवलं, आणि पाठ फिरवूनच म्हणाली की तर मग कौल माझ्याच बाजूचा आहे. मोडला तो दुसऱ्यांनी. त्यानंतर ती मला रोज फोन करते. एकच विचारते, कधी.

म्हणून मी हे लिहून गावातल्या प्रत्येक घरी देतो आहे. मास्तर, आपण अध्यक्ष आहात, सगळ्यांचे गुरुजी आहात. समितीच्या बैठकीत किंवा वर्तमानपत्रात मला उत्तर देऊ नका. देवदिवाळीच्या आधीच्या सोमवारी देवळात या. गुरव असेल, मानकरी असेल, मामी पहिल्या रांगेत बसेल, मागच्या खुर्चीवर नाही. ती देवापुढे तुम्हाला विचारेल की पहिली पाकळी कुठे पडली होती, आणि ती पडल्यावर तुम्ही मानकऱ्याच्या कानात काय सांगितलंत. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, तुमच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

माझी पाळी त्याच्या आधी. न ऐकता होय म्हटलं आणि माझ्याच गाडीतून त्याला वर नेला, हे मी पहिल्यांदा उभा राहून सांगणार आहे. माझी चेन आणि चार माणसं तयार आहेत, सिमेंट कापायचं मशीनही मी आणून ठेवलं आहे. आता तुम्ही सांगा मास्तर, येताय का?