फुलफ्रेमच्या कडेचं काळं

फुलफ्रेम! हा शब्द आता कुणी नुसता उच्चारला तरी माझ्या तोंडाची चव जाते.

नांदेडला माझा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे. लोकांच्या लग्नांचे फोटो काढूनच पोट भरतं. पण सख्ख्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा की कॅमेरा धरायचा? म्हणून लातूरचा एक फोटोग्राफर सांगितला. नवरदेवाकडचे लातूरचेच, त्यांच्याच ओळखीतला. गळ्यात नवाकोरा कॅमेरा, गालात गुटखा, अन् गाडीच्या मागच्या काचेवर हे एवढ्या मोठ्या अक्षरात 'फुलफ्रेम', म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेला कॅमेरा. "भाऊ, आपण फुलफ्रेमच्या खाली बोलतच न्हाई," म्हणाला आणि बाजूला पिचकारी टाकली. मी पाय मागं घेतला.

लग्न लोह्याला झालं. स्टेजवर घरच्या सगळ्यांचा फोटो काढायला उभं केलं तेव्हा माय डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली. वडील गेल्यापासून ती टोकालाच असते. तिला कुणी ढकलत नाही, अन् मध्ये ये असंही कुणी म्हणत नाही. उजव्या टोकाला काका होते.

फोटो हातात आले आणि माझं डोकंच फिरलं. नळीतून बघावं तसं दिसत होतं. मध्ये उजेड, कडा गोल काळ्या. मायचा अर्धा चेहरा गडप. गोम काय ते लगेच कळलं. या बहाद्दरानं कॅमेरा मोठा घेतला, पण लेन्स आपल्या जुन्या, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याचीच लावली. तसली लेन्स उजेडाचा गोलही लहानच पाडते, तो मोठ्या सेन्सरच्या कडेपर्यंत पोचतच नाही. पातेलं मोठं अन् झाकण लहान, दुसरं काय! कॅमेऱ्यात क्रॉप मोड असतो, त्यात नुसता मधला उजेडाचा भागच येतो. तो लावून चार पावलं मागं सरकला असता तर सगळे स्वच्छ आले असते. पण मग मेगापिक्सल निम्म्यावर येतात, आणि याची ऐट कुठं राहते?

मी फोन लावला.

"कशाला टेन्शन घेऊन राहिलात भाऊ? त्याला इफेक्ट म्हणतात. पिक्चरमधी मुद्दाम करतात."

"अरे, माझी माय दिसंना त्यात!"

"तेवढी कड कापून देतो की. फोटो एकदम क्लीन होतो."

थू त्याच्या क्लीनवर!

इथवर निभलं असतं. पण फोटो आत्याबाईंनी बघितला. त्यांनी बरोबर मायवर बोट ठेवलं. "म्हणत होते, शुभकार्यात फुडं फुडं करू नये. बघा, फोटोतबी काळं उतरलं."

"अहो आत्या, ह्या कडेला काका बी तेवढेच काळे झालेत की!"

"गड्यामाणसाचं येगळं असतंय," म्हणून आत्याबाईंनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. तो आवाज अजून कानात आहे. किळस येते मला त्याची.

माय रिकाम्या कपबशा उचलून आत गेली. लेकीचं नवं घर बघायला लातूरला निघायचं ठरलं, तेव्हा ऐन वेळेला म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझं काही कामच न्हाई तिथं." तिनं ते काळं स्वतःवर घेतलं होतं. लई संताप आला मला. मी जाणंच रद्द केलं. स्टुडिओतून तसलीच एक लेन्स आणली, माझ्या मोठ्या कॅमेऱ्याला लावली, आणि मायच्या समोर अंगणातल्या मोकळ्या भिंतीचा फोटो काढला.

"बघ माय. इथं कुणीच उभं न्हाई. तरी चारी कोपरे काळे हायत का न्हाई?"

तिनं चष्मा लावून स्क्रीन बराच वेळ निरखली. "हाव की रे. काचच लहान हाय."

"मग? झालं समाधान?"

"मला पटलं, बाबा. पण तू काय आता घरोघरी ही भिंत दाखवत हिंडणार हायस?"

मी लेन्स काढून पिशवीत ठेवली.

पुढं लातूरहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. सासरच्या बैठकीत तोच फोटो मोठा करून लावला होता, ती कौतुकानं दाखवत होती. तिनं मूळ फोटो पाहिलाच नव्हता. डावी कड मायसकट सफाईनं कापलेली होती. उजवीकडं काका होते. त्यांचा चेहरा कॉम्प्युटरवर उजळून घेतला होता.

"माय, सगळे हायत गं यात. तू कुठं होतीस तेव्हा?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायनं माझा हात घट्ट दाबला.

"पंगतीत वाढपाकडं बघत होते गं मी. लई छान आलाय फोटो."

बहिणीला ते खरं वाटलं.