पदक आणि चष्मा

परवा, इथल्या रीतीने दसऱ्याला पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला वरुणा गावाहून गौरम्मा आली. तिला वाचवताना आमचे हे कालव्यात गेले... दोन वर्षांनी पहिल्यांदाच ती आमच्याकडे येत होती.

ह्यांच्या मागे मिळालेलं शौर्यपदक जाऊबाईंनी बाहुल्यांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर मांडलं होतं, राजा-राणीच्या शेजारी. आलेली प्रत्येक बाई आधी त्यालाच हात जोडत होती. मला मात्र तिकडे बघवत नव्हतं.

खरं सांगते, ते आमच्याकडे चुकून आलंय असंच मला वाटायचं. सोबतचा कन्नड कागद मी कितीदा वाचला... 'क्षणाचाही विचार न करता पाण्यात उडी घेतली.' अहो, हा माणूस श्रीरंगपट्टणला नदीत घोट्याच्या वर कधी उतरला नाही. बाहेर पडताना गॅस तीनदा बघणारा.

शिवाय पोलिसांनी परत दिलेल्या चष्म्यावर साधा ओरखडा नव्हता. उडी मारणाऱ्याचा चष्मा असा राहतो? पण विचारणार कुणाला... लोक म्हणणार, हिला नवऱ्याचं कौतुक नाही.

गौरम्मा ह्यांच्या फोटोसमोर थांबली, फोटोतल्या चष्म्याकडे तिने बोट दाखवलं. "अक्का, त्या दिवशी हा चष्मा त्यांनी काढून चपलेत ठेवला होता."

जाऊबाई तिला कुंकू लावता लावता थांबल्या.

"कपडे धुताना पाय घसरला, मी एका मुळीला धरून लोंबकळत होते. अय्यो, लवकर या म्हणून ओरडतेय, आणि ते आधी स्कूटर स्टँडवर लावतायत, मग चष्मा ठेवतायत. एकेक पायरी बसत बसत उतरले. मला म्हणाले घाबरू नको, पण दात त्यांचेच वाजत होते. मला वर ढकललं, आणि..."

तिने फोटोला हात जोडले.

आंघोळीला जाताना हे रोज चष्मा दाराबाहेर चपलेत ठेवायचे, कुणाचा पाय पडू नये म्हणून. त्यावरून मी वीस वर्षं कुरकुर केली.

गौरम्मा गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "हे दात वाजल्याचं बाहेर कुणाला सांगू नकोस हो." म्हणून इथे लिहितेय.

एवढी भीती वाटत असताना उतरले कसे, ते मला अजून कळत नाही. पण कागदातला तो उडी मारणारा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. हा आहे.

पदक वरच्या पायरीवरून काढलं आणि ह्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. झाकण नीट लागत नाही... राहू दे. गौरम्मा, तू आलीस, बरं झालं.