आक्कांची चिठ्ठी

आक्का कबड्डीचा सामना बघायला यायच्या आणि चढाई बघायच्याच नाहीत. पोरगी समोरच्या अंगणात शिरली, की आक्का पिशवीतून अडकित्ता काढून सुपारी कातरत बसायच्या. मैदानाभोवती नुसती बोंबाबोंब, आणि ह्यांची मान खाली. पोरगी मध्यरेषा ओलांडून परत आली, की मग मान वर. "गडी बाद करून येताना सगळ्याच झाक दिसतात," म्हणायच्या. "हात हलवत परत येते तेव्हा कशी चालते, ते बघायचं." कुठला पाय आधी टेकला, श्वास तोंडाने घेतला की नाकाने, बघितलं कुणाकडे, संघाकडे की प्रेक्षकांकडे, एवढ्यावर त्यांचा निकाल लागायचा.

आक्का रत्नागिरीतल्या मांडवीच्या. नवरा बोटीवर, स्वतः सरकारी कचेरीत कारकून. तरुणपणी साडीचा काचा मारून खेळलेल्या, पण त्यांच्या काळात कबड्डीवर बाईमाणसाला नोकरी कोण देणार? पुढे मुंबईच्या एका कंपनीने मुलींचा संघ उभा केला आणि रत्नागिरीकडच्या कॉलेजातल्या पोरी हेरायचं काम आपसूक आक्कांकडे आलं. रेघांच्या कागदावर त्या दोनच वाक्यं लिहायच्या: "मुलगी पाठवते. चालेल." पाच चिठ्ठ्या गेल्या आणि पाचही पोरी नोकरीला लागल्या. शेवटच्या वर्षाच्या मुली परीक्षेला घाबरत नसत इतक्या आक्कांच्या मानेला घाबरत.

कौतुक म्हणून करायच्या नाहीत. एकदा एका चढाईत मी तीन जणी बाद केल्या आणि नाचत परत आले. आक्का म्हणाल्या, "सकाळी जेवलीस काय गो?" मी नव्हते जेवले. "दिसतंय. दम पोटातून येतो, टाळ्यांतून नाय." पुढच्या रविवारी डब्यात घावणे घेऊन आल्या आणि मी सगळे संपवीपर्यंत समोरून हलल्या नाहीत. आज मी शाळेत खेळाची बाई आहे. शिट्टी फुंकून फुंकून जीव मेटाकुटीला येतो, पण असा डबा भरून नेण्याइतकी माया माझ्याच्याने कुठल्या पोरीवर झालेली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. वडिलांनी सांगून टाकलं होतं, "नोकरी लागली तर बरं, नाहीतर वैशाखात बार उडवून टाकू." म्हणजे आक्कांची चिठ्ठी मिळाली तर मुंबई, नाहीतर बोहलं. आणि नेमका सरावात उजवा गुडघा मुरगळला. सुजून टम्म! आक्का बघणार तो शेवटचा सामना आठ दिवसांवर. मी कुणाला बोलले नाही. त्या काय बघतात ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी तेवढ्याचीच तालीम केली. आठ दिवस घराच्या परसात, दात आवळून, सरळ चालत परत यायची तालीम. सामन्यात पट्टी बांधून, वरून लांब पँट चढवून उतरले. चढाया मोजक्याच केल्या, गिरकी एकदाही घेतली नाही, आणि परत येताना राणीसारखी आले. आक्कांची मान वर झाली, बराच वेळ तशीच राहिली. संध्याकाळी चिठ्ठी हातात पडली.

मुंबईला चाचणी मॅटवर होती. मी जन्मात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवत होते. दुसऱ्याच चढाईत वळायला गेले आणि गुडघा जो गेला तो गेलाच. मला उचलून बाहेर नेलं. संघाचे व्यवस्थापक म्हणाले, "मातीतल्या पोरी मॅटवर टिकत नाहीत. तुमच्या आक्कांची नजरसुद्धा मातीतलीच." आणि मी, मेली, गप्प बसले. एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, गुडघा आधीच दुखावला होता.

व्यवस्थापकांचं बोलणं आक्कांच्या कानावर गेलं आणि त्यांनी ते खरं मानलं. प्लास्टरमध्ये पडले होते तर बघायला आल्या, उशाशी बसल्या. "माझ्यामुळे तुझा पाय मोडला गो," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. लंगड्या मुलीला बघायला कोण येतो? माझं लग्न आपोआप लांबलं आणि तेवढ्यात मी शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला नाव घातलं. मला त्या गुडघ्याने तारलंच म्हणायचं.

बुडाली ती शैला. कॉलेजात माझ्या मागे दोन वर्षं, खेळात माझ्यापेक्षा दसपट चांगली. आक्कांनी तिला अख्खा मोसम बघितलं आणि शेवटी चिठ्ठी दिली नाही. "मला मॅट कळत नाय. आणखी एका पोरीचा पाय मोडायचा नाय मला." त्या वर्षीच घरच्यांनी शैलाचं लग्न लावून तिला आंजर्ल्याला दिली. आक्का मैदानावर यायच्या बंद झाल्या.

तीन वर्षांनी मला ते सोसेना. मांडवीला गेले आणि सगळं ओकून टाकलं. आक्का तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं, शिव्या घालतील, नाहीतर पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मला कशाला सांगतेस? मी म्हातारी, माझं काय गेलं? शैलाला सांग. तिला वाटतं आक्काला ती कमी वाटली. तिला सांगून ये, मगच माझ्या दारात पाय ठेव."

मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, परीक्षा आहेत, पाऊस आहे. कारणांना काय तोटा? शैलाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, हे खरं. त्यामुळे मांडवीचा रस्ताही सुटला. पाच वर्षांनी आक्का गेल्याचंच कळलं. तेराव्याला त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "तुमची चौकशी करायच्या हो अधनंमधनं. गेली का ती आंजर्ल्याला, म्हणून."

दुसऱ्या दिवशी दापोलीची एसटी पकडली. शैलाने दार उघडलं. अंगाने भरली होती, कडेवर पोर. मला बघून जराही दचकली नाही.

"ये," म्हणाली. "आक्का एकदा आल्या होत्या इकडे. सांगून गेल्या, ती काहीतरी सांगायला येईल. काय ते विचारलं तर म्हणाल्या, तिच्याच तोंडून ऐक."

"कधी आल्या होत्या?"

"झाली चार-पाच वर्षं. म्हणाल्या, उशीर करील, पण येईल. चालेल ती पोरगी."

मी तिच्या उंबऱ्यावरच बसले. शैला पोराला खाली ठेवून समोर बसली, आणि मी गुडघ्यापासून सांगायला सुरुवात केली.