गाडीला वाळ्याची ताटी

माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात. म्हणोत. पण आमच्या गाडीइतकी तापट मी कधीच नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

ती गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आमच्या दारी आलेली पिकअप. मूळची पेट्रोलची. पण ह्यांच्या हाती पडली तेव्हा तिचं इंजन केव्हाच बसलेलं होतं. मग ह्यांनी आणि जुन्या शहरातल्या मिस्त्रीचाचांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रकचं डिझेल इंजन आणलं आणि मोर्णा नदीच्या काठी, कडुनिंबाला साखळी टांगून, तिच्या पोटात उतरवलं. इंजन थोर, पोट लहान. काही केल्या बसेना. शेवटी चाचांनी इंजनाच्या नाकावरचा पंखाच काढून फेकला. "पंखा रहा तो इंजन नहीं बैठता, इंजन रहा तो पंखा नहीं बैठता. बोलो, कोणाले ठेवू?"

ह्यांनी इंजन ठेवलं. झालं! रेडिएटरवर वारा मारायला कोणी उरलंच नाही, आणि गाडी दर सहा मैलांवर चहाच्या आधणासारखी उकळू लागली.

हे त्या गाडीतून गुरांच्या खाण्याची सरकीची ढेप गावोगाव पोचवायचे. त्यांना रस्त्यावरची गावं नावांनी ठाऊक नव्हती, विहिरींनी ठाऊक होती. इकडं खारपाण, तिकडं गोडं पाणी, पलीकडच्या विहिरीला बादली नाही, अलीकडच्या विहिरीवरची म्हातारी शिव्या देते. खाऱ्या पाण्यानं रेडिएटरला आतून पुटं चढली, आणि गाडीचा पारा आणखीच लवकर चढू लागला. लोक लांबूनच वाफ पाहायचे आणि म्हणायचे, "आली वाटते ढेपवाल्याची आगगाडी."

मला त्याचं काही नव्हतं. पण त्या वर्षी अमरावतीच्या अध्यापिका विद्यालयातून मला मुलाखतीचं बोलावणं आलं, आणि माझा जीव त्या गाडीत अडकला.

माझ्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून घरात एकच धोशा लावला होता: शीक. मी मॅट्रिक झाले ती त्यांच्या धाकानं. लग्न होऊन अकोल्याला आले तरी त्यांची पोस्टकार्डं यायची, आणि खाली तीच ओळ असायची. आता दोन वर्षं अमरावतीत राहून शिकले की मी मास्तरीण होणार होते. आमच्या घरातली पहिली. मुलाखत अकरा वाजता, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं पत्रात स्वच्छ लिहिलेलं. आणि दिवस कोणते? नवतपाचे! वर्षातले सगळ्यात भाजून काढणारे नऊ दिवस.

"मी यष्टीनं जाईन," मी म्हटलं.

"घरची गाडी असून?" ह्यांचा चेहरा असा पडला, की जणू मी माहेरी जाऊन काडीमोडच मागितला. "मीच नेतो तुले. पंखे लावून नेतो. इजेचे!"

विजेचे पंखे गाडीला! मी कपाळावर हात मारला. पण हे आणि चाचा लागले कामाला. चाचांनी भंगारातून आगगाडीच्या डब्यातले दोन पंखे आणले, जाळीसकट. त्यांना म्हणे दोन बॅटऱ्या जोडून लागतात. एक गाडीत होतीच, दुसरी एका मोडक्या बसमधून आली. पंख्यांचं बटणही डब्यातलंच. गाडी किती तापली ते दाखवणारा काटा जिनिंग फॅक्टरीच्या भंगारातला; तो नेमकं काय मोजतो हे कोणालाच माहीत नव्हतं. लाल खुणेवर गेला की उतरायचं, एवढं ठरलं. दोन्ही पंखे रेडिएटरच्या पुढं, तोंडं आत करून बसवले. गाडी पुढून पाहिली की चष्मा लावलेला बैल उभा आहे असं वाटायचं.

त्यातला एक पंखा जन्मजात आळशी. आगगाडीत लोक कसे कंगव्यानं ढोसून पंखा सुरू करायचे, तसंच त्यालाही करावं लागे. बटण दाबायचं, हे खाली उतरायचे, खिशातला कंगवा जाळीतून घालून पात्याला टोचा द्यायचे, की तो गुर्रकन फिरायचा. जठारपेठेत भर चौकात हे गाडीच्या नाकात कंगवा घालून उभे, आणि मी पदरानं तोंड झाकून आत बसलेली. हसता हसता मला उचकी लागली होती.

पण गंमत म्हणजे पंखे चालले! चाचांनी गाडी दोन वेळा बोरगाव मंजूपर्यंत पळवून आणली. काटा जागचा हलला नाही. "बहू, अब तू मास्तरनी हो गई समज," चाचा म्हणाले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सासूबाई बाहेर आल्या. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. फार बोलायच्या नाहीत, बोलल्या की ठोकून बोलायच्या. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली. पंख्यांकडं पाहिलं.

"हे पंखे तं गरमच हवा मारतीन," त्या म्हणाल्या. "नवतपा आहे. घरात आपुन काय करतो? ताटी लावतो. मंग गाडीले काऊन नाई?"

आता वऱ्हाडातल्या माणसाला याहून पटणारं बोलणं कोणतं! उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी बांधायची, तिच्यावर पाणी मारायचं, की झळ आत येताना गार आणि सुगंधी होऊन येते. माणसाला लागू तर इंजनाला का नाही? ह्यांनी चाचांकडं पाहिलं, चाचांनी ह्यांच्याकडं. "क्या दिमाग है अम्मा का!" चाचा म्हणाले. दोघे पुरुष, दोघे गाडीतले दर्दी, आणि दोघांनीही माना डोलावल्या.

आत्याबाईंनी स्वतःच्या खोलीची ताटी सोडून आणली. घरात ती एकच होती. तिला आतून आणखी एक वाळ्याचा थर स्वतःच्या हातानं गुंफला, सुतळीनं गाडीच्या तोंडाला आवळली आणि वर घागरभर पाणी ओतलं. ऐन नवतपात ही बाई सुनेसाठी उघड्या खिडकीत भाजून घेणार, या विचारानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी खाली वाकून पाया पडले. त्या रिकामी घागर उचलून आत गेल्या.

सकाळी सातला निघालो. मागं ढेप, पुढं ताटी, गाडीभर वाळ्याचा घमघमाट. बोरगाव मंजू यायच्या आत काटा लाल खुणेवर!

"ताटी वायली असन," हे म्हणाले आणि दोन बादल्या पाणी मारलं. थोडं पुढं गेलो, पुन्हा उकळी. पुन्हा पाणी. जितकी ताटी ओली तितकी गाडी गार, असा ह्यांचा हिशेब. आणि गाडी जितकी ओली तितकी जास्त उकळत होती. एका विहिरीवरच्या म्हातारीनं तर विचारलंच, "काय वं बाई, गाडी आंघोयीले आणली का?"

मूर्तिजापूर अजून दूर होतं आणि नऊ वाजून गेले होते, तेव्हा गाडी चौथ्यांदा थांबली. वाफेनं ह्यांचा चेहरा दिसेना. माझं डोकं सणकलं. "तुमच्या गाडीले लागो आग! माहा बाप तिकडं माह्या कार्डाची वाट पाहून राहिला अन् तुमी इथं ताटी भिजवून राहिले!"

"अवं, पण माय म्हने..."

मी खाली उतरले. लू अशी चालली होती की डोळे उघडवेनात. बादलीत पदर भिजवून मी नाकातोंडावरून गच्च गुंडाळला, आणि दोन पावलांत जीव गुदमरला. ओल्या कापडातून श्वासच जाईना. पदर ओढून काढला, हाऽऽ करून हवा घेतली, आणि तशीच थांबले.

मग ताटी आणि पंखा यांच्यामध्ये हात घातला. पंखे बिचारे घोंघावत होते, पण बाहेरून कणभर वारा आत येत नव्हता.

"अवो, गाडीचं नाक दाबलंय आपण!" मी ओरडले आणि दोन्ही हातांनी ती ताटी ओरबाडून काढली. सुतळी तुटली, वाळ्याच्या काड्या माझ्या अंबाड्यात, पदरात, ब्लाउजमध्ये. ह्यांनी खाली वाकून आळशी पंख्याला कंगव्यानं टोचलं. इंजन निवलं, पाणी भरलं, आणि गाडी जी सुटली ती बडनेऱ्यापर्यंत काटा हलला नाही. हे गाणं म्हणू लागले. मी म्हटलं, "गप बसा."

विद्यालयाच्या फाटकात उतरले तेव्हा अकराला दोन मिनिटं होती. त्या दोन मिनिटांत केस नीट करावे म्हणून ह्यांनी कंगवा पुढं केला. कोणता कंगवा, ते मी घाईत पाहिलं नाही.

आत टेबलामागं मुख्य बाई आणि दोन गुरुजी. तिघंही माझ्या भांगाकडं बघत राहिले. भांगात बोटभर काळं ग्रीस, अंगाला वाळ्याचा आणि डिझेलचा वास, कानामागं एक काडी.

"काय हो, हा काय अवतार?" बाईंनी विचारलं.

रडावंसं वाटलं. पण रडण्याऐवजी माझा नेहमीचा राग आला, आणि मी पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. खडू उचलला आणि फळ्यावर गाडी काढली, पंखे काढले, ताटी काढली. एक गुरुजी रुमाल तोंडाला लावून हसत होते.

"हे चौथीच्या मुलांना कसं शिकवाल?" बाईंनी विचारलं.

"गुरुजींच्या हातातला तो रुमाल भिजवून त्यांच्याच नाकावर धरीन," मी म्हटलं.

मला प्रवेश मिळाला. वडिलांना मी त्याच दिवशी पोस्टकार्ड टाकलं, त्यावरही ग्रीसचं बोट उठलं.

पुढं मी शिकले, मास्तरीण झाले, आणि ही ताटीची गोष्ट दर उन्हाळ्यात सांगायचा आमच्या घरी रिवाजच पडला. आत्याबाईंसमोरच सांगायची, आणि आत्याबाई तोंड वाकडं करून ऐकायच्या. काही वर्षांनी अशाच एका नवतपातल्या दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. त्या नव्या ताटीशेजारी आडव्या पडलेल्या, मी वह्या तपासत बसलेली. मी हसत म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या त्या ताटीनं माही नोकरीच घालवली असती."

"मंग?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "त्याच्याचसाठी तं देल्ली होती."

माझ्या लाल टाकाचा डाग वहीवर पसरला.

"चाळीस उन्हाये ताटीमांगं काढले म्या. गच्च भिजली का ताटी वारा अडवते, हे मले मालूम नसन का? तू दोन वर्स अमरावतीले जाशीन, थो दिवसभर गाडीवर. मी कोणासंगं बोलू? भितीसंगं?"

"अवं माय वं! मग तसं सांगायचं ना तेव्हा!" मी इतक्या जोरात ओरडले की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. "तोंडानं म्हणायचं, नोको जाऊ!"

"म्हटलं असतं, तं गेली असती का तू?"

नसते गेले. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं, तर मी गाडीत पाय ठेवला नसता.

"म्हणून तं नाई म्हटलं. ताटी तोडता येते वं, सासूचा शब्द नाई," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीकडं कूस बदलली. मग तिकडूनच आवाज आला. "ताटी सुकली वं. पाणी मार. पण गच्च नोको करू."