कटंगीले फोन लावून द्या

बुकिंगच्या खिडकीत एक म्हातारा उभा होता आणि माझं डोकं उठलं होतं. ट्रंक कॉल कुठे लावायचा म्हणून विचारलं तर म्हणे कटंगीले. कटंगीत कुणाला? तर म्हणे कटंगीले. मी म्हटलं, बाबाजी, कटंगी हे गाव आहे, गाव काही फोनवर येऊन बोलत नाही, माणसाचं नाव सांगा. तो जराही न चिडता म्हणाला, "मानूसच हाये जी तो. आमी त्याले कटंगीच म्हनत होतो."

मागची रांग कुरकुरू लागली. आता मी काय करावं सांगा!

ही गोष्ट भंडाऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या सुमाराची. मी तिथे ऑपरेटर होते. आज बोटानं नंबर दाबला की झालं. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे नोंदवावं लागे. मग भंडारा गोंदियाला हाक मारणार, गोंदिया बालाघाटला, असं करत करत लाइन पोचायची. ज्याच्या घरी फोन नाही त्याच्यासाठी पी.पी. कॉल असे, म्हणजे ठरावीक माणसाला बोलावून आणायचा कॉल. त्या गावच्या पोस्टातून माणूस जाऊन त्याला घेऊन येई. पण त्यासाठी नाव लागतं, आणि बाबाजींकडे नेमकं तेच नव्हतं.

रांग का थांबली म्हणून आमच्या सुपरवायझर सेलोकरबाई बाहेर आल्या. त्यांच्यासमोर आम्ही जांभईसुद्धा तोंड मिटून देत असू. मला वाटलं, आता बाबाजींची काही धडगत नाही. तर बाईंनी त्यांना आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, पहिल्यापासून सांगा.

बाबाजींचं नाव महादेव बांते, गाव करडी. तरुणपणी ते जंगल सत्याग्रहात गेले होते. इंग्रज सरकारनं राखून ठेवलेल्या जंगलात उघड उघड शिरायचं, गवत कापायचं आणि पोलिसांच्या स्वाधीन व्हायचं, असा तो सत्याग्रह. गोम अशी, की पोलीस गुन्हा लावायचे चोरीचा. करडीतून हे एकटेच गेले होते, तेही दूरच्या जंगलात, कुणालाच धड न सांगता. काही महिने आत राहून परतले तेव्हा गावाला एवढंच कळलं, की महादेव गवताच्या चोरीत जेलात होता.

आता पंचायत शाळेच्या फाटकाशी दगड बसवणार होती. त्यावर गावच्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरायची होती. बाबाजींचं नाव निघालं तसे चारजण उठले, चोराचं नाव कायले म्हणून. सरपंच माणूस सरळ होता. तो म्हणाला, तुमच्यासोबत आत असलेला एकजण आणा, त्यानं मला सांगावं, मी नाव घालतो. तुरुंगात विचारलं तर त्या सालचे कागदच उरले नव्हते. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता.

"दगडाचं काय जी," बाबाजी म्हणाले, "पन माही बायको चोराची बायको म्हनूनच गेली. पोरीले तरी कोनी चोराची पोरगी म्हनू नये."

माझा राग तिथेच विरला. बाईंनी विचारलं, सोबत्यांची नावं कशी काय माहीत नाहीत? मग कळलं, की बराकीत शिरल्यावर त्या सगळ्यांनी मिळून एक ठरवलं होतं. आडनाव सांगितलं की जात कळते, जात कळली की पंगती वेगळ्या होतात. म्हणून नाव नाही, आडनाव नाही, ज्यानं त्यानं आपापल्या गावाच्या नावानं राहायचं. कुणी पवनी, कुणी आमगाव, कुणी तिरोडा. बाबाजींचा चक्कीचा जोडीदार होता कटंगी. समोरासमोर बसून दोघांनी एकच जातं ओढलं, आणि एकमेकांचं नाव कधी विचारलं नाही. ते शिकलेसवरलेले नव्हते, त्यांना कुणी भाषण दिलं नव्हतं. मी तर ऐकतच राहिले.

सेलोकरबाई मात्र कामाला लागल्या. रोज सकाळी ड्यूटी सुरू झाली की आम्ही प्रत्येक ट्रंक लाइन टेस्ट करायचो. म्हणजे पलीकडच्या ऑपरेटरशी दोन वाक्यं बोलून आवाज नीट जातो का ते बघायचं. बहुतेक आम्ही एक-दोन-तीन म्हणायचो. बाई म्हणाल्या, "टेस्टिंगला काहीतरी बोलावंच लागतं. एक-दोन-तीनऐवजी उद्यापासून हे विचारा." नियम मोडला नाही, काम थांबलं नाही. असं डोकं चालायचं बाईंचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न लाइनवर सुटला. जंगल सत्याग्रहात जेलात गेलेला कटंगीचा कुणी माणूस आहे का, आणि त्याला करडीचे महादेव बांते आठवतात का? तुमसर, गोंदिया, साकोली, पवनी, सगळीकडे; इतक्या वर्षांनी तो कटंगीतच असेल याचा काय नेम? आणि काय सांगू, हे ऐकून कुणी ऑपरेटर असं म्हणाली नाही, की आमच्या मागे कमी कामं आहेत का! तुमसरच्या पोरीनं चहाच्या दुकानात बसणारे सगळे जुने पुढारी पालथे घातले. साकोलीवाल्यानं सुट्टीच्या दिवशी सायकलवर दोन गावं केली. यातल्या कुणालाही बाबाजी काका लागत होते ना मामा. कुणी ओव्हरटाइम मागितला नाही. उलट सकाळी लाइन उघडली की तिकडूनच पहिला प्रश्न, बाबाजींचं काय झालं गं?

मग बालाघाटचं उत्तर गोंदियामार्फत आलं. कटंगीत एक जुने सत्याग्रही होते आणि त्याच तुरुंगात राहून आले होते. पोस्टमन स्वतः जाऊन विचारून आला. ते ठाम सांगत होते, की महादेव बांते नावाचा कुणी माणूस त्यांच्यासोबत नव्हता.

क्षणभर तर वाटलं, म्हातारा आपल्याला बनवून तर नाही राहिला? बाबाजी पुढच्या बाजाराच्या दिवशी आले तेव्हा मीच त्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत, रडले नाहीत. म्हणाले, बरोबरच सांगते तो. त्याले महादेव कुठून माहीत राहीन?

तेवढ्यात बोर्डावर गोंदियाची लाइन वाजली. मी प्लग लावला. पलीकडून नेहमीचा आवाज आला, "बोल गं भंडारा." आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही ऑपरेटर एकमेकींना एक्स्चेंजच्या नावानंच हाक मारायचो. गोंदियाच्या सासूचे गुडघे कधी दुखतात, तिच्या पोराला गणित कसं येत नाही, हे मला सगळं ठाऊक होतं. तिचं नाव ठाऊक नव्हतं. उद्या कुणी मला तिचं कागदावरचं नाव सांगून विचारलं असतं, तर मीही अगदी ठामपणे नाही म्हटलं असतं.

मी ओरडलेच, "गोंदिया, महादेव सोड. त्यांना करडी विचार, करडी!"

तिला एका शब्दात समजलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी टेस्टिंगला गोंदियाचा आवाज नाचत आला. कटंगीचे बाबाजी करडी हा शब्द ऐकून खाटेवरून उठून बसले होते, आणि पोस्टमनलाच विचारत होते, जिवंत आहे का तो?

मग रीतसर पी.पी. कॉल लागला. कटंगीच्या पोस्टात ते, आमच्याकडे महादेवबाबाजी, शेजारी सरपंच. बाईंनी सरपंचांना निरोप धाडून मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पण नेमकी लाइन खराब. आवाज तुटत होता. अशा वेळी मधल्या ऑपरेटरनं इकडचं वाक्य तिकडे आणि तिकडचं इकडे आपल्या तोंडानं सांगायचं असतं. त्यामुळे दोन म्हाताऱ्यांची चाळीस वर्षांनंतरची भेट गोंदियाच्या तोंडून झाली.

पहिल्यांदा सरपंच बोलले. हा माणूस तुमच्यासोबत होता याची खूण काय, असं त्यांनी विचारलं. गोंदियानं ते पुढे सांगितलं. थोड्या वेळानं उत्तर आलं, एकेक वाक्य.

"ते म्हणतात, मला ताप होता तेव्हा करडी माझ्या वाटणीचंही दळण दळायचा. त्याच्या उजव्या तळहाताला खुंट्यानं जखम झाली होती, ती सुटेपर्यंत भरली नव्हती. ते म्हणतात, हात बघा."

सरपंचांनी बाबाजींचा हात उलटा करून पाहिला. व्रण होता. पण गोंदियाचं संपलं नव्हतं.

"ते म्हणतात, तो चोर असेल तर मीही चोर. मग स्वातंत्र्यसैनिक म्हणून मला दिलेला ताम्रपट सरकारनं येऊन घेऊन जावा."

सरपंचांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी बाबाजींच्या कानाला लावला. बाबाजी फक्त "हाव, हाव" म्हणत राहिले. सेलोकरबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. आम्ही सगळ्याजणी रडत होतो, त्याबद्दल त्या दिवशी कुणालाही मेमो मिळाला नाही.

बाबाजी निघाले तेव्हा कॉलचं तिकीट माझ्या हातात होतं. पी.पी. कॉल, म्हणजे त्यावर कटंगीच्या बाबाजींचं नाव आडनावासकट लिहिलेलं. मी म्हटलं, वाचून दाखवू का?

"नोको बाई. तेवढं आमी पाळलं, आता कायले मोडाचं?"

पंधरा ऑगस्टला दगड बसला. दगडावरचं कापड सरपंचांनी बाबाजींच्या पोरीच्या हातून काढवलं. यादीत सगळ्यांची नावं आडनावासकट होती, एक सोडून. तिथे कोरलं होतं, महादेव, करडी. अख्खा दगडच करडीचा आहे, मग गावाचं नाव कशाला, असं सरपंचांनी म्हणून पाहिलं म्हणे. बाबाजी म्हणाले, असू द्या जी.

त्यानंतर असे शोध आमच्या लाइनवर कितीतरी आले. कुणाला एखाद्या जुन्या सभेचा वक्ता हवा असे, कुणाला आंदोलनात हरवलेला भाऊ. सेलोकरबाईंनी आम्हाला एकच शिस्त लावली होती. माणूस शोधायचा असला की त्याचं नाव मागाहून विचारायचं. सोबतचे लोक त्याला हाक काय मारायचे, ते आधी.