कंट्रोल गावाच्या लेकी

“मेसेजचा काही उपयोग होत नाही, असं आकडे सांगतात,” आमचे डायरेक्टर दिल्लीहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले. “सर्व्हिस बंद करायची शिफारस टाका. फील्डतर्फे सही तुमची.” लातूरच्या ऑफिसात बसून मी ते ऐकलं आणि माझं डोकं तापलं.

सानिका, ओम, आजी नोकरीत काय करायची असं विचारता, म्हणून हे लिहिते. हवामान बिघडत चाललंय, त्यात शेतकऱ्याला कशाची मदत होते, हे आमची संस्था तपासायची. त्या वेळी तपासणी गारपिटीच्या मेसेजची होती. आपल्याकडे हरभरा कापून शेतातच ढीग लावतात. त्यावर गारा पडल्या की पीक गेलं. आदल्या दिवशी कळलं तर ताडपत्री टाकता येते.

आम्ही गावांच्या जोड्या केल्या होत्या. एका गावाला मेसेज जायचा, दुसऱ्याला नाही. या दुसऱ्याला कंट्रोल म्हणतात. दोघांच्या नुकसानीत जेवढा फरक, तेवढा मेसेजचा फायदा. गावं दिल्लीतच निवडली होती, नकाशावर अंतर बघून. गारा पडल्या, आणि नुकसान दोन्हीकडे सारखंच कमी निघालं. फरक शून्य, म्हणून फायदा शून्य.

मला ते पटेना. मुरुडजवळच्या एका कंट्रोल गावात गेले. तिथल्या एका म्हातारीनं सांगितलं, आदल्या दिवशीच ढीग झाकला होता. लेकीचा फोन आला होता. लेक, कलावती, शेजारच्या मेसेजवाल्या गावात दिलेली. मी तिच्याकडे गेले.

“मेसेज आला की पैलं आईला फोन लावते बघा,” कलावती म्हणाली. “आमच्या गावातल्या निम्म्या सुना तिकडच्याच हायत. समद्याच लावतात.”

बाकीच्या जोड्यांतही फिरले. सगळीकडे तेच. संध्याकाळी दिल्लीला फोन लावला.

“सर, मेसेज दोन्ही गावांना पोचलाय. म्हणून नुकसान दोन्हीकडे वाचलंय. मेसेज उपयोगाचा आहे.”

“याला स्पिलओव्हर म्हणतात, मॅडम.”

एकाला दिलेलं दुसऱ्याकडे झिरपणं, एवढाच त्याचा अर्थ. शब्द मलाही ठाऊक होता.

“मग रिपोर्टात तसं लिहा.”

“लेकींचे फोन डेटात नाहीत.”

“तुम्ही विचारलंच नाहीत, तर येतील कुठून?”

ते म्हणाले, मुदत संपत आलीय, फार तर एक फूटनोट टाकू. मी सही केली नाही. दुसऱ्या कुणीतरी केली. सर्व्हिस बंद झाली.

पुढच्या हंगामात पुन्हा गारा आल्या. माझं काही काम नव्हतं, तरी गेले. कलावती माहेरी आली होती. आईच्या शेतात ओला ढीग उपसत होती. खालचा हरभरा काळा पडला होता, वास सुटला होता.

“मॅडम, औंदा मेसेज का न्हाई आला?”

“तुम्ही आईला सांगत होता म्हणून.”

ती उपसायची थांबली. “मंग आईला सांगायचं न्हाई व्हय?” एवढं म्हणून पुन्हा कामाला लागली.

रिपोर्ट छापून आलाय. कागद गुळगुळीत आहे. फूटनोटसुद्धा नाही. आता दुसऱ्या राज्यांतही असे मेसेज नकोत म्हणून त्याचा दाखला देतात.

तुमच्यापैकी कुणी या कामात आलंच, तर गावं निवडण्याआधी तिथल्या लेकी कुठे दिल्यात ते विचारा. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. दिल्लीतून उठावं मात्र लागतं.